विमान, प्रवासी आणि होऊ घातलेले पायलट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ओळख झाली, मी विमान उडवतो हे समोरच्याला कळलं, की दोन मिनिटांच्या आत दोनांपैकी एक प्रश्न येतोच. एकतर "तुम्हाला भीती नाही वाटत?" नाहीतर "आमच्या भाचीला पायलट व्हायचंय, काय करावं लागतं?" आधी काही वर्षं मी विद्यार्थ्यांना शिकवलं, आता प्रवासी विमान उडवतो, त्यामुळे दोन्ही बाजूंचे प्रश्न भरपूर ऐकले आहेत. दोघांच्याही मनात चित्र एकच असतं: एक धाडसी माणूस मनगटाच्या जोरावर विमान वर ठेवतोय. म्हणून एकाला भीती वाटते आणि दुसऱ्याला ते काम हवंहवंसं वाटतं. आमचा बहुतेक वेळ मात्र "हे बिघडलं तर काय करायचं?" हे जमिनीवरच ठरवून ठेवण्यात जातो. खालची बरीचशी उत्तरं याच एका सवयीतून आलेली आहेत.

प्रवाशांचे प्रश्न

टेक-ऑफनंतर मिनिटाभरात इंजिनाचा आवाज एकदम कमी होतो आणि विमान खाली चाललंय असं वाटतं. काय होतं तेव्हा?

विमान वरच चाललेलं असतं, फक्त जरा सावकाश. टेक-ऑफला इंजिनांची जास्त ताकद वापरतात. हजार-पंधराशे फुटांवर पोचलो की ती कमी करून चढण्यापुरती ठेवतात, आणि वेग वाढवण्यासाठी नाक थोडं खाली घेतात. आपल्या आतल्या कानाला चढणं कळत नाही, चढण्यातला फरक कळतो. त्यामुळे चढ कमी झाला की मेंदू त्याचा अर्थ "पडतोय" असा लावतो. लिफ्ट थांबताना पोटात जे होतं, तेच हे.

त्याच्या आधी पायाखाली "थाड" असा आवाज येतो, तो चाकं आत जाऊन दारं बंद झाल्याचा. नंतरची लांबलचक घरघर पंखांचे फ्लॅप्स, म्हणजे कडेचे सरकणारे भाग, आत जात असल्याची. आणि एअरबसच्या काही विमानांत जमिनीवर असताना कुत्रं भुंकल्यासारखा किंवा करवत चालवल्यासारखा आवाज येतो. विमानाचे भाग दाबाखालच्या तेलाने हलवतात त्या एका हायड्रॉलिक यंत्रणेचा दाब दुसरीला पुरवणाऱ्या यंत्राचा तो आवाज. सामानाच्या कप्प्यात कुत्रं अडकलंय अशी तक्रार केबिन क्रूकडे अधूनमधून येतेच.

हवेतल्या धक्क्यांनी विमान पडू शकतं का? पंख तर कागदासारखे हलताना दिसतात.

पंख हलतात हीच चांगली गोष्ट आहे. न वाकणारी वस्तू मोडते. विमानाला त्याच्या सेवाकाळात जास्तीत जास्त जेवढा भार सोसावा लागेल असं धरतात, त्याच्या दीडपट भार पंखांना पेलता आला पाहिजे असा नियम आहे. बोइंग ७७७ च्या चाचणीत, १९९५ मध्ये, पंख मुद्दाम तुटेपर्यंत वर ओढले होते. ते तुटले त्या जास्तीत जास्त भाराच्या १५४ टक्क्यांवर, आणि तोपर्यंत त्यांची टोकं कित्येक फूट वर गेली होती. प्रवासात तुम्हाला दिसतं ते त्याच्या पासंगालाही पुरत नाही.

"विमान हजारो फूट खाली कोसळलं" हे वाक्य प्रवाशांच्या तोंडून मी कितीदा ऐकलंय. उंची दाखवणारं उपकरण तेव्हा माझ्यासमोर असतं. नेहमीच्या धक्क्यांत फरक पडतो तो दहा-वीस फुटांचा. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला निघालेल्या सिंगापूर एअरलाइन्सच्या विमानाला म्यानमारवर फार जबरदस्त धक्का बसला. एका प्रवाशाचा मृत्यू झाला, अनेक जण जखमी झाले. तपासाच्या प्राथमिक अहवालानुसार त्या सगळ्यात मोठ्या क्षणी विमान ४.६ सेकंदांत १७८ फूट खाली आलं होतं. विमान धडधाकट राहिलं आणि बँकॉकला उतरलं. माणसं जखमी झाली कारण विमान खाली गेलं आणि पट्टा न बांधलेली माणसं जिथल्या तिथे राहिली, म्हणजे त्यांच्या दृष्टीने छताला जाऊन आपटली.

म्हणून माझं एकच सांगणं: पट्ट्याचा दिवा विझला तरी बसलेले असताना पट्टा सैलसर का होईना, बांधलेला ठेवा. आमचं रडार ढगातले पाण्याचे थेंब बघतं. स्वच्छ, निरभ्र हवेतले धक्के त्याला दिसत नाहीत. पुढे गेलेल्या विमानांनी सांगितलं तर कळतं, नाहीतर तुमच्याबरोबरच आम्हालाही. धक्के कमी जाणवावेत असं वाटत असेल तर पंखांजवळची सीट घ्या. शेपटीकडे जास्त जाणवतात.

इंजिन बंद पडलं तर? दोन्ही पडली तर?

हा प्रश्न आम्ही प्रत्येक टेक-ऑफच्या आधी एकमेकांना मोठ्याने विचारतो. त्या दिवशीचं वजन, वारा, धावपट्टीची लांबी बघून एक वेग काढलेला असतो. त्याला व्ही-वन म्हणतात. त्याच्या आधी इंजिन गेलं तर थांबायचं, धावपट्टी पुरते. नंतर गेलं तर उडायचं, एक इंजिन पुरतं. व्ही-वनची हाक आली की कॅप्टन थ्रॉटलवरचा, म्हणजे इंजिनाची ताकद कमीजास्त करणाऱ्या दांड्यावरचा, हात काढून घेतो. आता थांबणं नाही, हे हाताला आठवण करून देण्यासाठी. पुढच्या वेळी टेक-ऑफला घाबरलात तर आठवा की तो निर्णय पुढे बसलेल्यांनी दहा मिनिटं आधीच घेऊन ठेवलेला आहे.

दोन इंजिनांचं विमान एका इंजिनावर चढू शकतं, तासन्‌तास उडू शकतं आणि उतरू शकतं. समुद्रावरून जाताना एका इंजिनावर किती वेळात विमानतळ गाठता आला पाहिजे, याची मर्यादा प्रत्येक प्रकाराच्या विमानाला ठरवून दिलेली असते. एअरबस ए३५० ला ती ३७० मिनिटांपर्यंत मिळालेली आहे.

दोन्ही बंद पडणं अतिशय विरळा. तरी तेव्हाही विमान दगडासारखं पडत नाही, घसरगुंडीवरून उतरावं तसं येतं. एक किलोमीटर उंची घालवून साधारण १५ ते १७ किलोमीटर पुढे जातं. १९८३ मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये किलो आणि पौंडांच्या गोंधळात इंधन कमी भरलं गेलं. ४१ हजार फुटांवर ते संपलं, आणि वैमानिकांनी विमान गिमली इथल्या जुन्या हवाई तळावर तरंगत नेऊन उतरवलं. २००१ मध्ये एअर ट्रान्सॅटचं ए३३० इंधनगळतीमुळे अटलांटिकवर दोन्ही इंजिनं गमावून बसलं आणि सुमारे १९ मिनिटं तरंगत अझोर्स बेटांवर उतरलं, ३०६ माणसांसह. २००९ मध्ये पक्षी आदळून दोन्ही इंजिनं गेल्यावर न्यूयॉर्कच्या हडसन नदीवर झालेलं उतरणं सगळ्यांना माहीत आहे. त्यात १५५ च्या १५५ जण वाचले.

वीज पडली तर?

पडते. प्रवासी विमानावर सरासरीने वर्षातून एकदा. वीज बाहेरच्या कवचावरून वाहून दुसऱ्या टोकाने निघून जाते. कार्बनच्या तंतूंपासून बनलेल्या नव्या विमानांत त्यासाठी धातूची जाळी बसवलेली असते. उतरल्यावर इंजिनिअर टॉर्च घेऊन जळाल्याचे डाग शोधतात, आणि त्यात पुढच्या विमानाला उशीर होतो. तुम्हाला विजेचा खरा त्रास होतो तो एवढाच.

"आधी स्वतःचा मास्क लावा, मग मुलाचा." आई असं कसं करेल?

करायलाच हवं, आणि याचं गणित साधं आहे. ३५ हजार फुटांवर केबिनमधला दाब गेला तर माणसाची शुद्ध शाबूत राहते ती साधारण ३० ते ६० सेकंद. त्यानंतर माणूस बेशुद्ध होण्याआधी खुळ्यासारखा वागायला लागतो. मास्क हातात असून तो लावायचा हे सुचत नाही. आधी मुलाशी झटापट केलीत आणि मध्येच तुमची शुद्ध गेली, तर तुम्हाला मास्क लावणारं कोणी नाही. तुम्ही लावलात तर मूल काही सेकंद बेशुद्ध झालं तरी त्याला सावरता येतं.

वरून येणाऱ्या मास्कमध्ये १२ ते १५ मिनिटं पुरेल इतका ऑक्सिजन असतो. तेवढा पुरे, कारण आम्ही स्वतःचे मास्क चढवून विमान झपाट्याने १० हजार फुटांवर आणतो, जिथे मास्कशिवाय श्वास घेता येतो. बाहेरून हे खाली येणं भयंकर वाटतं, पण सिम्युलेटरमध्ये आम्ही ते पुन्हा पुन्हा केलेलं असतं. आणि मास्कची पिशवी फुगली नाही तरी ऑक्सिजन येत असतो. दोरी मात्र ओढायला विसरू नका.

कोणी मध्येच दार उघडलं तर?

उंचावर उघडत नाही. आतला दाब बाहेरच्यापेक्षा इतका जास्त असतो की दारावर काही टनांचा रेटा असतो, आणि बहुतेक दारं बाहेर जाण्याआधी आतल्या बाजूला किंवा वर सरकावी लागतात. पैलवानालाही ते जमणार नाही. जमिनीजवळ हा फरक उरत नाही, म्हणून मे २०२३ मध्ये दक्षिण कोरियात एका प्रवाशाला उतरण्याआधी सुमारे ७०० फुटांवर दार उघडता आलं. विमान सुखरूप उतरलं.

खिडकीला खाली बारीक भोक का असतं?

खिडकीला काचांचे थर असतात. दाबाचा भार बाहेरच्या थरावर राहावा आणि मधे बाष्प साचू नये म्हणून मधल्या थराला ते भोक ठेवतात. बर्फाची छोटी नक्षी तिथेच उमटते. खिडक्यांचे कोपरे गोल असण्याचं कारणही दाबच. १९५४ मध्ये कॉमेट जातीची विमानं हवेत फुटली. पाण्याच्या टाकीत विमान ठेवून दाबाची चाचणी केली तेव्हा कळलं की धातू थकून कोपऱ्यांपाशी चिरा पडत होत्या.

उतरताना पडदे उघडे आणि दिवे मंद का?

बाहेर पळावं लागलं तर डोळे अंधाराला सरावलेले असावेत, आणि कोणत्या बाजूला आग आहे हे आतून दिसावं म्हणून. नवं विमान मंजूर होण्याआधी पूर्ण भरलेलं विमान, निम्मीच दारं वापरून, ९० सेकंदांत रिकामं करून दाखवावं लागतं. ए३८० ने २००६ मध्ये ८७३ माणसं ७८ सेकंदांत बाहेर काढली. जानेवारी २०२४ मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर जपान एअरलाइन्सचं ए३५० दुसऱ्या विमानावर आदळून पेटलं. विमान जळून खाक झालं, पण त्यातले ३७९ जण बाहेर पडले. बॅगा आत ठेवून! वरच्या कप्प्यातली बॅग काढायला थांबलेला माणूस मागच्या वीस जणांची वाट अडवतो. या एका बाबतीत मी सभ्यता बाजूला ठेवून बोलतो.

लँडिंग आपटलं म्हणजे पायलट नवशिका होता का?

कधी असतो, कधी नसतो. धावपट्टी ओली असेल तर मुद्दाम जरा ठामपणे टेकवतात, म्हणजे चाकं पाण्याच्या थरावर न घसरता खालचा डांबराचा पृष्ठभाग पकडतात. छोट्या धावपट्टीवर हळुवार टेकवण्याच्या नादात शेकडो मीटर वाया घालवणं हा खरा दोष. गालिच्यावर पाऊल ठेवल्यासारखं लँडिंग झालं की केबिनमध्ये टाळ्या पडतात, पण आमच्यात कौतुक होतं ते नेमक्या जागी टेकवल्याचं.

आणि अगदी टेकायच्या बेतात असताना विमान पुन्हा वर झेपावलं, तर ती आणीबाणी नसते. त्याला गो-अराउंड म्हणतात. पुढचं विमान धावपट्टीवरून वेळेत बाजूला झालं नाही, वारा फिरला, वेग बसला नाही, यांपैकी काहीही पुरेसं असतं. त्यासाठी लागणारं इंधन असतंच. प्रवासापुरतं, शिवाय काही टक्के जादा, शिवाय पर्यायी विमानतळापर्यंतचं, आणि त्याच्याही वर घिरट्या घालायला ३० मिनिटांचं, एवढं घेऊनच जेट विमान निघतं. घोषणा यायला दोन-चार मिनिटं लागतात, कारण तेव्हा आमचे हात आणि तोंड दोन्ही कामात असतात.

उतरताना कान दुखतात, बाळ तर किंचाळतं.

घोट गिळा, जांभई द्या, नाहीतर नाक चिमटीत धरून तोंड मिटून हलकेच हवा ढकला. बाळाला विमान खाली यायला लागल्यावर दूध पाजा. गिळलं की कानाची नळी उघडते. जोराची सर्दी असेल तर डॉक्टरांना विचारून मगच निघा. आम्ही तर सर्दीत उडतच नाही.

पॉवर बँक कुठे ठेवायची?

हातातल्या सामानात, कधीही चेक-इन बॅगेत नाही. लिथियमची बॅटरी पेटली तर केबिनमध्ये ती विझवायला माणसं आहेत, सामानाच्या कप्प्यात नाहीत. मर्यादा १०० वॉट-अवरची. १०० ते १६० साठी विमान कंपनीची परवानगी लागते, १६० च्या वर बंदी. डब्यावर फक्त मिलिअँपिअर-अवर लिहिलेले असतील तर हजाराने भागा आणि ३.७ ने गुणा. म्हणजे २० हजारांची बँक ७४ वॉट-अवरची. फोन सीटच्या फटीत पडला तर सीट हलवून शोधू नका, केबिन क्रूला बोलवा. चिरडलेली बॅटरी पेटते.

सामान आलंच नाही तर?

विमानतळाबाहेर पडण्याआधी लेखी तक्रार नोंदवा आणि तिचा क्रमांक घ्या. मॉन्ट्रियल करार (विमान कंपन्यांच्या भरपाईबद्दलचा देशादेशांतला करार) लागू असलेल्या आंतरराष्ट्रीय प्रवासात मोडतोडीची तक्रार ७ दिवसांत आणि उशिराची सामान हातात आल्यापासून २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत आलंच नाही तर ते हरवलं असं धरून भरपाई मागता येते. औषधं, कागदपत्रं, दागिने चेक-इन बॅगेत घालू नका, हे सांगून सांगून थकलो.

सगळ्यात सुरक्षित सीट कोणती?

अशी एक सीट नाही. प्रत्येक अपघात वेगळा असतो. बसल्यावर पुढचं आणि मागचं दार किती रांगांवर आहे ते मोजून ठेवा. धुरात डोळे उपयोगी पडत नाहीत, हात पडतात.

हे सगळं कळलं तरी भीती जात नाही.

जात नाही, कारण ती माहितीच्या अभावाने आलेली नसते. सूत्रं दुसऱ्याच्या हातात आहेत, याची ती भीती असते. चढताना केबिन क्रूला सांगून टाका की मला भीती वाटते. त्यात कमीपणा नाही, आणि धक्के बसायला लागले की ते स्वतः येऊन बघून जातात. त्यांच्या चेहऱ्यांकडे लक्ष ठेवा. ट्रॉली घेऊन गप्पा मारत चाललेत, म्हणजे सगळं नेहमीसारखं चाललंय. दारूने भीती घालवायला जाऊ नका. भीती तिथेच राहते, वर डोकेदुखी.

पायलट होऊ पाहणाऱ्यांचे प्रश्न

सुरुवात कुठून करू?

डॉक्टरांकडून. फी भरण्याआधी, घर गहाण टाकण्याआधी, क्लास वन मेडिकल, म्हणजे व्यावसायिक वैमानिकाला लागणारी तपासणी, करून घ्या. डोळे, कान, हृदयाचा आलेख, रक्त, मानसिक आरोग्य हे सगळं त्यात तपासतात. कोर्स निम्मा झाल्यावर मेडिकलमध्ये अडकलेले विद्यार्थी मी पाहिलेत. त्यांच्याशी काय बोलावं हे मला अजूनही सुचत नाही.

चष्मा आहे. संपलं का?

अजिबात नाही. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या, म्हणजे आयकाओच्या, निकषांनुसार प्रत्येक डोळ्याची दूरची नजर ६/९ आणि दोन्हींची मिळून ६/६ हवी, चष्म्यासह चालते. उडताना दुसरा चष्मा जवळ ठेवावा लागतो. कॉकपिटमध्ये चाळिशी लावलेले कॅप्टन ढिगाने दिसतात.

रंग ओळखण्यातला दोष मात्र गंभीर. ठिपक्यांतले आकडे वाचण्याच्या चाचणीत नापास झालात तर काही देशांत पुढच्या, जास्त बारकाईच्या चाचण्या देता येतात. तिथेच कळेल. इंटरनेटवरचे ते ठिपके मोबाइलच्या पडद्यावर बघून स्वतःला पास किंवा नापास करू नका.

किती तास, कोणतं लायसन्स, कोणत्या वयात?

आयकाओचे किमान निकष असे आहेत. देशोदेशीचे नियम याहून कडक असू शकतात. खासगी लायसन्स १७ व्या वर्षी, ४० तासांवर. त्यावर मित्रांना फिरवता येतं, पगार घेता येत नाही. व्यावसायिक लायसन्स १८ व्या वर्षी, २०० तासांवर, सलग मान्यताप्राप्त कोर्स असेल तर १५०. कॅप्टन होण्यासाठी लागणारं वरचं लायसन्स २१ व्या वर्षी, १५०० तासांवर. व्यावसायिक लायसन्सला जोडून रात्रीचं, ढगातून फक्त उपकरणांवर उडवण्याचं आणि दोन इंजिनांचं रेटिंग, म्हणजे लायसन्सवरची खास परवानगी, घ्यावं लागतं. त्यानंतर कंपनीत गेलात की त्या विशिष्ट जातीच्या विमानाचं टाइप रेटिंग, जे जवळपास सगळं सिम्युलेटरमध्ये होतं.

वरचं टोक: आंतरराष्ट्रीय व्यावसायिक उड्डाणात दोन वैमानिकांच्या विमानावर ६५ व्या वर्षापर्यंत. तिशीत सुरुवात केलेले बरेच जण आहेत. हिशेब फक्त एवढाच करायचा, की खर्च वसूल व्हायला वर्षं किती उरतात.

गणितात मी कच्चा आहे.

कॅल्क्युलस लागत नाही. तोंडी हिशेब लागतो, तो मात्र विमान पुढे पळत असताना आणि कानात रेडिओ चालू असताना. उदाहरण बघा. ३५ हजार फुटांवर आहात, खाली कधी यायला लागायचं? हजारांच्या आकड्याला तिनाने गुणा: १०५ नॉटिकल मैल आधी. किती वेगाने खाली यायचं? जमिनीवरून मोजलेल्या वेगाला पाचाने गुणा: ४८० नॉट (तासाला ४८० नॉटिकल मैल) असेल तर मिनिटाला २४०० फूट. संगणक हे सगळं आधीच काढून दाखवतो. तरी आम्ही डोक्यात करतो, कारण संगणकात चुकीचा आकडा भरणारा माणूसच असतो, आणि ती चूक पकडणाराही माणूसच लागतो. पाढे पाठ असतील तर तुम्ही निम्मं काम केलंय.

इंग्रजी माध्यमात शिकलो नाही. अडेल का?

उच्चार चालतो, संदिग्धता चालत नाही. आयकाओच्या सहा पातळ्यांपैकी किमान चौथी लागते. वाचून-लिहून पास होण्याची परीक्षा ही नव्हे, ऐकून समजण्याची आणि बोलून समजावण्याची आहे. २७ मार्च १९७७ ला स्पेनच्या टेनेरिफ बेटावरच्या धावपट्टीवर धुक्यात दोन जंबो जेट एकमेकांवर आदळली आणि ५८३ माणसं गेली. कारणांच्या साखळीत एक कडी अशी होती, की कॉकपिटमधून रेडिओवर गेलेल्या एका वाक्याचा अर्थ "टेक-ऑफसाठी उभे आहोत" असा घेतला गेला, आणि विमान तर धावू लागलेलं होतं. त्यानंतर "टेक-ऑफ" हा शब्द रेडिओवर फक्त टेक-ऑफची परवानगी देताना किंवा रद्द करतानाच वापरायचा असं ठरलं. एरवी "डिपार्चर" म्हणायचं. परवानगी जशीच्या तशी परत म्हणून दाखवायची शिस्तही इथे जिवावरची आहे.

मुलींना अडचण येते का?

लायसन्सच्या नियमांत काहीच फरक नाही. रेमंड द लारोश हिला ८ मार्च १९१० ला वैमानिकाचं लायसन्स मिळालं, जगातली पहिली स्त्री. अडचण येते ती घरच्यांच्या "नंतर कसं जमेल?" मध्ये. तो प्रश्न मुलांनाही विचारायला हवा, कारण सण, वाढदिवस, मुलांची गॅदरिंगं दोघांचीही चुकतात.

फ्लाइंग स्कूल कसं निवडू?

जाहिरातीतल्या विमानांची संख्या बघू नका. आज प्रत्यक्ष उडण्याच्या स्थितीत किती आहेत आणि विद्यार्थी किती, ते विचारा. दहा विमानांतली सहा सुट्या भागांची वाट बघत उभी असतील तर तुमचा वर्षाचा कोर्स अडीच वर्षांचा होतो, आणि तोवर आधीचा सराव विसरून तेच धडे पुन्हा पैसे भरून घ्यावे लागतात. प्रशिक्षक किती वेळा बदलतात? वर्षात हवामानामुळे किती दिवस जातात? मध्येच सोडलं तर न उडलेल्या तासांचे पैसे लेखी कराराने परत मिळतात का? आणि ऑफिसात बसून उत्तरं घेऊ नका. मैदानाबाहेरच्या टपरीवर बसलेल्या विद्यार्थ्यांना विचारा. सगळे पैसे एकरकमी कधीही भरू नका. "लायसन्स मिळालं की नोकरी पक्की" असं जो सांगतो, त्याच्याकडून तर वही-पेनही विकत घेऊ नका.

मग नोकरी मिळते का?

लाटेवर आहे. विमान कंपन्या कधी धडाधड भरती करतात, कधी दोन-दोन वर्षं दार बंद. २०२० मध्ये तर अनुभवी कॅप्टन घरी बसले होते. लायसन्स आणि नोकरी यांच्यामधल्या काळासाठी दुसरा आधार ठेवा. पदवी आयकाओच्या नियमात सक्तीची नाही, पण त्या मधल्या काळात ती उपयोगी पडते. बरेच जण प्रशिक्षक होतात. मीही झालो, आणि उडवायला खरा तिथेच शिकलो. शिकवताना समोरचा काय चूक करणार आहे, हे दोन सेकंद आधी ओळखावं लागतं.

उंचीची भीती वाटते. पायलट होता येईल?

मला गच्चीच्या कठड्याशी उभं राहवत नाही. कॉकपिटमध्ये तसं काहीच होत नाही, तिथे खाली ओढणारी कडा नसते. भीतीपेक्षा बेफिकिरी घातक. "चालतंय की" म्हणणाऱ्या विद्यार्थ्याला मी सोलोला सोडायला उशीर करायचो.

सोलो म्हणजे पहिलं एकट्याने उडणं. तो दिवस आधी सांगत नाहीत. प्रशिक्षक दोन-तीन लँडिंग बघतो, विमान थांबवायला लावतो, दार उघडून उतरतो आणि म्हणतो, एक फेरी मारून ये. एक माणूस कमी झाल्याने छोटं विमान अपेक्षेपेक्षा आधीच जमीन सोडतं आणि भराभर चढतं. ते बघून पोटात गोळा येतो. बाजूची रिकामी सीट मी त्या पाच मिनिटांत निदान चार वेळा पाहिली असेल.

सगळं ऑटोपायलट करतो, मग दोन पायलट कशाला?

टेक-ऑफ हातानेच होतो. लँडिंगही बहुतेक वेळा हातानेच. दाट धुक्यात, विमान आणि विमानतळ दोन्हीकडे यंत्रणा असेल तर विमान आपोआप उतरतं, आणि तेव्हा आम्ही आणखी डोळ्यांत तेल घालून बसलेलो असतो. ऑटोपायलट सांगितलेलं करतो. काय सांगायचं, हे आमचं काम: ढग चुकवायचा की नाही, आजारी प्रवाशासाठी कुठे उतरायचं, इंधनाचा हिशेब बदलला का.

दोघांपैकी एक उडवतो, दुसरा त्याच्यावर लक्ष ठेवतो, आणि ही कामं आलटून पालटून होतात. १९७८ मध्ये अमेरिकेतल्या पोर्टलंडजवळ एका विमानाचं इंधन चाकांच्या बिघाडाचा विचार करता करता संपलं. सहकाऱ्यांना ते दिसत होतं, पण कॅप्टनला ठामपणे सांगितलं गेलं नाही. अशा अपघातांतून क्रू रिसोर्स मॅनेजमेंट नावाचं प्रशिक्षण उभं राहिलं. ज्येष्ठाला वेळेवर टोकणं आणि टोकलेलं ऐकून घेणं, दोन्ही त्यात शिकवतात. १९८९ मध्ये डीसी-१० विमानाची सगळी हायड्रॉलिक यंत्रणा गेली. कॅप्टन अल हेन्स यांनी प्रवासी म्हणून बसलेल्या एका प्रशिक्षक वैमानिकालाही कॉकपिटमध्ये घेतलं आणि केवळ इंजिनांची ताकद कमीजास्त करत विमान अमेरिकेतल्या सू सिटीला आणलं. २९६ पैकी १८४ जण वाचले. ज्यांना घरात मोठ्यांपुढे तोंड उघडायची सवय नाही, त्यांना हा धडा सगळ्यात जड जातो. माझ्या अनुभवात तोंडी हिशेबापेक्षाही.

परीक्षा कधी संपतात?

निवृत्तीच्या दिवशी. वर्षातून दोनदा सिम्युलेटरमध्ये इंजिनं पेटवून, दाब घालवून, धुक्यात ढकलून तपासतात, आणि मेडिकल ठरावीक मुदतीने चालूच राहतं.

कॉकपिट बघायला मिळेल का?

उडताना नाही. २००१ नंतर ते दार मजबूत झालं आणि कुलूपबंद असतं. पण उतरल्यावर, बाकीचे प्रवासी गेले की, केबिन क्रूला विचारा. पुढच्या उड्डाणाची घाई नसेल तर बहुधा हो म्हणतात. मुलांना आम्ही डाव्या सीटवर बसवतो, टोपी देतो, आणि आईवडील फोटो काढत असताना एक डोळा त्यांच्या हातांवर ठेवतो. मुलं सहसा काही दाबत नाहीत. दाबतात ते बाबा.